सासूबाई धुळीत काही करत नाहीत

खिडकीत: काळोख

जावई पहिल्यांदा मेला तेव्हा सासूबाई पेन्सिलीला टोक काढत होत्या. दुसऱ्यांदा मेला तेव्हा त्यांना शिंक येत होती. पुढे तो इतक्या वेळा मेला की कुणाला त्याचं सोयरसुतक राहिलं नाही. तो दार उघडून बाहेर यायचा, हेल्मेट काखेत मारायचा आणि चहा आणायला जायचा. मेलेल्याने मारणाऱ्याला चहा आणून द्यायचा, असा त्या हॉलचा रिवाजच होता.

कुणी कुणाची सासू नव्हती आणि कुणी कुणाचा जावई नव्हता. हॉल सरावाचा होता; उंच, थंड, तेलाचा वास असलेला. मधोमध जाडजूड दट्ट्यांवर एक केबिन उभी होती. दोन माणसांना घेऊन चंद्रावर उतरणाऱ्या यानाची ती हुबेहूब नक्कल. आत तीच बटणं, तेच काटे, खिडक्यांत पडद्यावरचा चंद्र. केबिन हलायची, कलायची, दणकायची. आणि काचेपलीकडच्या खोलीत, बटणांच्या रांगांसमोर, सासूबाई बसायच्या. एकेक बटण म्हणजे एकेक संकट. इंजिनाची झडप अडकली. कॉम्प्युटर गोंधळला. इंधनाचा काटा खोटं बोलायला लागला. उतरणाऱ्याला आधी काही सांगायचं नाही. तो आपल्या तंद्रीत खाली येत असताना त्याच्या नशिबात काय घालायचं ते घालायचं आणि तो कसा निस्तरतो ते बघायचं, ही बाईंची नोकरी.

खाष्ट सासूने सुनेच्या प्रत्येक कामात खोट काढावी तशी त्या प्रत्येकाच्या उतरण्यात काढत, म्हणून कुणीतरी त्यांना सासूबाई म्हणालं आणि ते चिकटलं. मग ज्याला त्यांनी सगळ्यांत जास्त वेळा मारलं तो जावई झाला. लाडका होता, हे वेगळं सांगायला नको. घरी त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या स्वतः ही गोष्ट या नावाशी कधी जोडत नसत. आपणही नको जोडायला.

आता जावई खऱ्या चंद्रावर जायचा होता. उड्डाण तोंडावर आलं होतं. आणि एका दुपारी सासूबाईंच्या लक्षात आलं की बरेच दिवस आपल्याला कुणी चहा आणून दिलेला नाही.

जावई मरत नव्हता.

खिडकीत: कडा

दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. सासूबाईंना कसंसंच झालं. पोर फार शहाण्यासारखं वागायला लागलं की आई जशी पलंगाखाली वाकून बघते, तशा त्या केबिनमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण घेऊन बसल्या.

त्यांनी काय पाहिलं ते कळायला चंद्रावर उतरणं म्हणजे काय ते थोडं कळायला हवं.

तिथे हवा नाही. म्हणजे पॅराशूट उघडून उपयोग नाही, पंख लावून उपयोग नाही. खाली तोंड केलेली एक आग, तिच्यावर बसायचं आणि ती बेताबेताने कमी करत खाली यायचं. इंधन मोजकंच. खाली दगड, खड्डे, उतार. तरीही इथवर माणूस जमवून आणतो. खरी फजिती शेवटी. जमीन जवळ आली की तीच आग खालची धूळ उडवते. आपल्याकडे धूळ उडते म्हणजे तिचा लोट उठतो, थोडा रेंगाळतो. तिथे रेंगाळायला हवाच नाही. अंथरुणावरची चादर खसकन ओढावी तशी धूळ जमिनीलगत चहूकडे पळत सुटते. जमीन दिसेनाशी होते आणि दिसते ती नुसती पळणारी धूळ. थांबलेल्या बसमध्ये बसलेलं असताना शेजारची बस निघाली की आपणच मागे चाललो असं वाटतं ना, तसं. उतरणाऱ्याला वाटतं, मी सरकतोय. तो यान सावरायला जातो, आणि सावरता सावरता खरंच सरकायला लागतो. यानाच्या पायांत धातूची जाळी असते, ती चुरगळून वरून येणारा दणका पचवते. पण आडवं सरकत टेकलात तर एक पाय अडकतो आणि यान माणसासकट खुर्ची कलंडावी तसं कलंडतं. वेग सांगणारं रडारही धुळीला जमीन समजून फसू शकतं.

म्हणून डाव्या हाताशी एक दांडा असतो. परतीचा. ओढला की यानाचा खालचा अर्धा भाग सुटून पडतो आणि वरचा, माणसांचा, पुन्हा आकाशात जातो. पण हे एका ठरावीक उंचीपर्यंतच. त्याखाली गेलं की यान खाली येण्याच्या इतक्या ओढीत असतं की दांडा ओढूनही जमीन आधी भेटते. धूळ दिसायला लागल्यापासून त्या रेषेपर्यंत जो काही जीव मुठीत धरायचा वेळ असतो, त्यात ठरवायचं: टेकायचं की फिरायचं.

चित्रणात विवराचा कडा आला, दगड आले, जावयाची बोटं दांड्यावर होती. पोराचं मनगट धरावं तशी. मग खिडकीत धूळ उडाली, आणि त्याचा डावा हात दांड्यावरून निघून गुडघ्यावर जाऊन बसला. आरामात. जेवण झाल्यावर हात बसतो तसा.

सासूबाईंनी दुसरं उतरणं लावलं. धूळ उडाली, हात गुडघ्यावर. तिसरं लावलं. मग त्यांनी बाकीच्या वैमानिकांची चित्रणं काढली.

सगळ्यांचे हात गुडघ्यावर.

खिडकीत: धूळ

दुसऱ्या दिवशी त्यांनी रडार फसवायचं बटण धुळीत दाबायचं असं पक्कं केलं. जावई खाली आला. धूळ उडाली. सासूबाईंचं बोट बटणाजवळ गेलं आणि तिथेच थांबलं. त्यांना आश्चर्य वाटलं. बोट जाईना. शेवटी दुसऱ्या हाताने ढकलावं तसं त्यांनी ते खाली ढकललं.

जावई सरकला, अडकला, कलंडला. केबिन दणकन एका कुशीवर पडली. त्याच्याबरोबर जाणारी, चंद्रावरचे दगड गोळा करणारी बाई, जिला सगळे दगडवाली म्हणत, ती आतून पहिली बाहेर आली आणि कोपर चोळत निघून गेली. मागून जावई आला. हसत होता, पण कान लाल झाले होते.

"सासूबाई, हे तुमच्यात बसत नाही."

"काय बसत नाही?"

"धुळीत मारणं. तुम्ही धुळीत कधी काही करत नाही. तुम्हाला काय खोडी काढायची ती तुम्ही धुळीच्या आधी काढता. धूळ दिसली की आम्हाला कळतं, सुटलो."

"आम्हाला म्हणजे?"

"सगळ्यांनाच. नवीन येणाऱ्याला आम्ही पहिल्यांदा हेच सांगतो."

त्याने ते मायेने सांगितलं. आई दुपारी डुलकी काढते तेव्हा फ्रीज कसा उघडायचा, हे मोठं झाल्यावर मुलं सांगतात त्या सुरात. आणि चहा आणायला गेला.

सासूबाई बसल्या जागी मागे गेल्या, पार जुन्या पडद्यापर्यंत. जुना पडदा धूळ दाखवता दाखवता रडकुंडीला यायचा. त्यात कुणी बिघाड घातला की चित्र गोठायचं आणि सगळं पुन्हा सुरू करण्यात सकाळ जायची. तंत्रज्ञ हात जोडायचे: बाई, धुळीत तेवढं काही करू नका. त्या करेनाशा झाल्या. मग नवा पडदा आला, धूळ नव्याने, कणाकणाने रचली गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांना सांगितलं गेलं की आता काहीही करा. त्या बरं म्हणाल्या. बोटाने ते ऐकलंच नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे खोड एकीची होती आणि मरणार दुसराच होता.

खिडकीत: पार्किंग

मोठ्या साहेबांच्या खिडकीतून फक्त मोटारींची छपरं दिसत. साहेब भला माणूस. कुणी वाईट बातमी आणली की चष्मा पुसायला घेत, म्हणजे निदान सांगणाऱ्याचा चेहरा धूसर दिसे. सासूबाईंचं ऐकून ते बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले की यात एवढं काय आहे, उद्यापासून धुळीतही बिघाड घाला.

सासूबाई म्हणाल्या की उद्यापासून घातले तर परवापर्यंत सगळ्यांना कळेल. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. धूळ दिसली रे दिसली की प्रत्येक जण दांडा ओढून परत फिरेल. आज हात गुडघ्यावर आहे, उद्या दांड्याला चिकटेल, आणि दोन्ही वेळेला ते धुळीकडे बघतच नसतील.

"मग कशाकडे बघतात?"

"माझ्याकडे. साहेब, ही पोरं चंद्रावर उतरतच नाहीत. माझ्यावर उतरतात."

साहेबांनी चष्मा घातला.

त्यांनी विचारलं की मग तुमचं म्हणणं काय. सासूबाईंचं म्हणणं साधं होतं: मला उठवा. या मुलांनी ज्याचं तोंड पाहिलेलं नाही असा कुणी बसवा, तो काय करणार ते मलाही कळू देऊ नका. साहेब म्हणाले, ते होईल. पण मग त्यांनी पुढचं सांगितलं, जे सासूबाईंना ठाऊक होतं आणि तरी ऐकवेना. उड्डाणाची तारीख हलणार नव्हती. दुसऱ्या केंद्रात, दुसऱ्यांच्या हाताखाली तयार झालेला एक वैमानिक होता. जावयाला हे वेळेत जमलं नाही तर खुर्ची त्याची. आणि जमलं की नाही हे कुणी ठरवायचं? जावयाला इतकी वर्षं सासूबाईंशिवाय दुसऱ्या कुणी पाहिलेलं नव्हतं.

"ते तुम्हीच सांगायचं, बाई," साहेब म्हणाले. "तुम्ही हो म्हणालात तर तो जाईल."

खिडकीत: वाळत घातलेले कपडे

सासूबाईंचा नवरा मोटार चालवायला शिकवायचा. मनाने इतका मऊ की त्याच्या हातून पास झालेल्या निम्म्या लोकांवर आसपासची गॅरेजं चालत होती. त्याला हे अजिबात पटलं नाही. पोरगं दहा वर्षं त्या एका खुर्चीसाठी खपलंय, तोंडापाशी आलेला घास तू काढलास, असं त्याचं म्हणणं. नशिबात असेल तर उतरेल.

"तुम्ही शिकवलेली मुलं खांबाला धडकतात," सासूबाई म्हणाल्या. "खांब निदान जागेवर तरी असतो."

रविवारी दुपारी जावई आला. खुर्ची पुढे केली तरी बसला नाही. सासूबाईंच्या नवऱ्याने, ज्याला तो काका म्हणे, पाणी आणलं, ते हातात धरून उभाच राहिला. बाहेर गॅलरीत कपडे फडफडत होते, त्यांच्याकडे बघत बोलत होता.

"मला आधी विचारायचं तरी होतंत."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"म्हणालो असतो, एक संधी द्या."

"तीच दिली."

"तुम्ही साहेबांकडे माझी तक्रार केलीत, सासूबाई."

"तुझी नाही रे. माझी केली. तू मी शिकवलं तेच शिकलास."

जावई आणखी चिडला. तो म्हणाला की तुम्हाला एवढी काळजी होती तर एवढी वर्षं बोट कुठे होतं. नवरा म्हणाला, अरे बस ना जरा. जावयाने ग्लास खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि निघून गेला. ग्लासमधलं पाणी तसंच होतं.

खिडकीत: ?

काचेपलीकडे आता परका बसायचा. लांबच्या इमारतीत झडपा तपासणारा कुणीतरी होता. मागच्या दाराने यायचा, मागच्या दाराने जायचा, कुणाबरोबर जेवायचा नाही. काचेला कागद लावला होता.

जावई मेला.

पुन्हा मेला. धूळ दिसताच फिरला. काहीच बिघडलेलं नव्हतं. मग नाही फिरला, बिघडलेलं होतं. मेला. चहा मागच्या दाराबाहेर ठेवून यायची वेळ आली. कप तसाच निवलेला सापडायचा, कारण परक्याला रिवाज माहीत नव्हता. दगडवाली रोज जावयाबरोबर मरत होती आणि रोज शांतपणे आपले दगड ओळखायचे सराव करत होती. एकदाच ती म्हणाली म्हणे, की मला उतरव किंवा परत ने, पण हे मधलं नको.

सासूबाईंना हॉलमध्ये यायला बंदी होती. त्या वरच्या मजल्यावर नव्या मुलांना यानाच्या पायातली जाळी समजावून सांगत आणि खालून दणका ऐकू आला की वाक्य अर्धवट सोडत.

मग दणके कमी झाले. थांबले नाहीत, कमी झाले.

साहेबांनी त्यांना बोलावलं आणि एका पडद्यासमोर बसवलं. शेवटची परीक्षा. जावई तीनदा खाली आला. सासूबाई फक्त त्याच्या डाव्या हाताकडे बघत होत्या. पहिल्यांदा धूळ उडायच्या आधीच त्याने एक मोठा दगड हेरला. धूळ पळायला लागली तरी त्या दगडाचं डोकं धुळीतून वर दिसत होतं, जागच्या जागी. नजर त्याच्यावर ठेवून तो टेकला. हात शेवटपर्यंत दांड्यावर. दुसऱ्यांदा फिरला. तिसऱ्यांदा धूळ उडाली, दगड नव्हता, रडार एक सांगत होतं आणि यानाच्या हालचालीवरून वेग मोजणारी दुसरी यंत्रणा वेगळं. सासूबाई मनात म्हणाल्या, फिरणार. तो टेकला, नीट. एका पायाची जाळी जरा जास्त चुरगळली इतकंच.

साहेबांनी विचारलं, काय?

सासूबाईंना आजवर जावई पुढच्या क्षणी काय करणार ते आधी कळायचं. स्वयंपाकघरातल्या आवाजावरून कोण आलं ते कळतं तसं. आज तिन्ही वेळा त्यांना कळलं नव्हतं.

"पाठवा त्याला," त्या म्हणाल्या.

खिडकीत: चंद्र

खऱ्या दिवशी सासूबाई नियंत्रण कक्षात सगळ्यांत मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. मदतीला बटण नव्हतं, अडवायला बटण नव्हतं. पुढच्या रांगांत लोक आकडे वाचत होते. नवरा घरी टीव्हीसमोर होता. शेजाऱ्यांना गोळा करून, हा आमच्या घरी येऊन गेलाय असं सांगत.

कडा गेला. दगड गेले. जावयाचा आवाज येत होता, सपाट, पेंगुळलेल्या माणसासारखा. धूळ, तो म्हणाला. मग दगडवालीचा आवाज: उंची, उंची, उंची. रडार म्हणत होतं यान डावीकडे सरकतंय. दुसरी यंत्रणा म्हणत होती, कुठे सरकतंय, सरळ चाललंय. ती रेषा जवळ येत होती जिच्याखाली दांडा नुसता दांडा उरतो. कक्षात कुणी खुर्ची हलवली त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"फिरतोय," जावई म्हणाला.

बस, एवढंच. एका झटक्यात खालचा भाग सुटला, कोट्यवधींचा, वर्षानुवर्षांचा, आणि चंद्रावर जाऊन पडला. वरचा भाग दोन जिवंत माणसांना घेऊन वर आला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या एका तरुण मुलीने डोकं टेबलावर ठेवलं. साहेब चष्मा पुसायचंही विसरले. सासूबाई भिंतीला टेकून होत्या त्या हळूहळू खाली बसल्या, फरशीवर.

नंतर जे व्हायचं ते झालं. दारात जाऊन उंबरठा न ओलांडणारा, असं कुणी लिहिलं. व्यंगचित्रं काढली गेली, त्यात तो दांड्याला लोंबकळत होता. चौकशी बसली. तिने प्रत्येक आकडा चाळला आणि शेवटी म्हटलं की रडार खरं असू शकतं आणि दुसरी यंत्रणाही खरी असू शकते. यान टेकलं असतं की कलंडलं असतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. म्हणजे ज्याला जे मानायचं त्याने ते मानावं, अशी मोकळीक मिळाली, आणि लोकांनी ती भरपूर घेतली.

खिडकीत: गल्ली

जावई आला तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. बारीक झाला होता. जिना चढताना कठडा धरून आला. या वेळी तो न सांगता बसला. काका काहीतरी खायला आणतो म्हणून मुद्दाम बाहेर गेले.

दोघं खालच्या गल्लीकडे बघत होते. एक माणूस सायकलची साखळी बसवत होता, ती पुन्हा पुन्हा निसटत होती.

"सासूबाई, तुम्ही ते आकडे पाहिलेत ना?"

"पाहिले."

"उतरता आलं असतं?"

सासूबाईंनी ते आकडे इतक्या वेळा पाहिले होते की डोळे मिटले तरी दिसत. त्यांचं एक मत झालं होतं. ते त्यांनी साहेबांना सांगितलं नव्हतं, चौकशीला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

"ते मला नको विचारूस."

"तुम्हालाच विचारतोय. दुसऱ्या कुणाचं काय करायचंय मला?"

"म्हणूनच नको विचारूस. मला काय वाटतं ते बघून तू निम्मं आयुष्य उतरलास. त्या दिवशी तिथे मी नव्हते, परका नव्हता. तुला कळलं नाही कोण खरं, म्हणून फिरलास. ते तुझं आहे. त्यात मला नको घेऊस."

त्याला हवं होतं ते मिळालं नव्हतं. मग त्याने दगडवालीचं काढलं. तिने आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते त्याने तिच्या पायाखालून काढून घेतलं होतं. परतीच्या पूर्ण वाटेत ती कामापुरतं बोलली, त्यापलीकडे शब्द नाही. खिडकीकडे तोंड करून बसायची. मी तिला काय सांगू, असं तो म्हणाला.

"ती परवा साहेबांकडे गेली होती," सासूबाई म्हणाल्या.

"माझी तक्रार करायला?"

"पुढच्या उड्डाणात तिला जागा देतायत. तिने सांगितलं, मी जाईन, पण चालवायला हाच पाहिजे."

जावयाने मान वर केली.

"मला काहीच बोलली नाही ती."

"मग? तिचे दगड राहिले तिथे. रडू तर दे तिला आधी."

खाली सायकलवाल्याची साखळी एकदाची बसली. जावई दोन्ही हातांनी तोंड झाकून ओणवा झाला, खांदे हलायला लागले, आणि सासूबाई शेजारी बसून राहिल्या.